जंगलानंतरची पलटण

आमच्या कॉलेजात अमेरिकेच्या यादवी युद्धावर परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा. कारणे लिहा, नाहीतर परिणाम लिहा. मी दोन्ही पाठ करून ठेवले होते. गाइडमध्ये आधी कारणं असत, त्यांच्याखाली परिणाम. या दोन्हींच्या मध्ये जी माणसं चार वर्षं चालली, भिजली, आजारी पडली, मेली, ती अभ्यासक्रमात नव्हती. ती मला पुढे मिशिगनमधल्या एका लहान गावाच्या लायब्ररीत भेटली, आणि त्यांच्यामुळे त्या परक्या देशात माझं पाऊल टिकलं.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आई शाळेत गेलेली नव्हती. आमच्या तालुक्याच्या गावात कॉलेज निघालं तेव्हा मी आठवीत होते. ते निघालं नसतं तर मॅट्रिकनंतर माझं शिक्षण थांबलं असतं, यात शंका नाही. घरातली पहिली पदवी माझी. पुढे कॉलेजातल्या सरांनीच मागे लागून एम.ए.ला बसवलं, इतिहास घेऊन. त्या सगळ्यांचे उपकार मी कधी विसरले नाही. पण लग्न होऊन डेट्रॉइटच्या बाजूला आले तेव्हा मला पहिली गोष्ट ही कळली, की मिशिगनमधल्या थंडीत मराठवाड्यातल्या इतिहासाच्या एम.ए.चं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही.

हे मोटार कंपनीत इंजिनियर होते. तिथल्या मराठी मंडळातली बहुतेक कुटुंबं नोव्हाय नावाच्या उपनगराच्या बाजूला. आम्ही भाडं कमी म्हणून त्याच्याही पलीकडच्या गावात राहत होतो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती. चालत जाता येईल असं एकच ठिकाण होतं, ते लायब्ररी. रोज जाऊन मी एका खिडकीशी बसायची. तिथल्या लायब्ररियन बाईंनी काही दिवस ते पाहिलं आणि एकदा जवळ येऊन विचारलं, की मला व्हॉलंटियर म्हणून काम करायला आवडेल का. पगार नाही, पण खुर्ची आणि कॉफी मिळेल. मी लगेच हो म्हटलं. काय काम ते नंतर विचारलं.

काम वाचून दाखवायचं होतं. गावच्या हायस्कुलात आयुष्यभर इतिहास शिकवलेले एक मास्तर होते, आता निवृत्त. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी, लायब्ररियन बाईसुद्धा. कितीतरी वर्षांपासून ते गावच्या पलटणीचा इतिहास लिहीत होते. यादवी युद्धात त्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, एक पलटण उभी केली होती आणि तिच्यातली एक तुकडी सगळीच्या सगळी या गावातल्या माणसांची होती. पलटण कुठून निघाली, कुठे लढली, कुठे मुक्काम केला, ते सगळं मास्तर जमवत आणि लिहीत होते. आता त्यांचे डोळे जात होते. दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा मधला भाग आधी जातो, असा तो आजार. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. गावातल्या काहींनी त्यांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता, पण महिन्याभरात सगळे कंटाळले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, मी त्यांना आवडले नाही. मी समोर बसले तर त्यांनी मान दुसरीकडे फिरवली, आणि सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून माझ्याशी बोलत राहिले. नंतर कळलं, की माझा चेहरा दिसावा म्हणूनच ते भिंतीकडे बघत होते.

मी त्यांना 'सर' म्हटलं. त्यांनी पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं. मला ते जमणं शक्य नव्हतं, मास्तर ते मास्तर. ते म्हणाले, "राणीने मला अजून ती पदवी दिलेली नाही. पण ठीक आहे. तुमचं शिक्षण काय?" मी एम.ए. सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी 'प्रोफेसर' झाले. चेष्टाच होती, पण कोणीतरी माझ्या पदवीची चेष्टा करण्याइतकी दखल घेतली, याचंच मला बरं वाटलं. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चाले. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

वाचायला सुरुवात केली तेव्हा माझे उच्चार कळतील की नाही या धास्तीने मी भरभर वाचत सुटले. त्यांनी हात वर केला.

"हळू, प्रोफेसर. ती बिचारी माणसं पायी चाललेली आहेत."

मग मी मला येत होतं तसं वाचलं. मला एकाच तऱ्हेने वाचता येत होतं. डेपोमागच्या क्वार्टर्समध्ये श्रावणात आमच्याकडे पोथी असायची. ओळीतल्या बायका जेवणं आटोपून जमायच्या. त्यांच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, म्हणून चौथीत असल्यापासून पोथी माझ्याकडे. ओळीच्या शेवटी आवाज किंचित खाली आणायचा, नाव आलं की थांबायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला माणूस नीट दिसतो. त्याच हेलात मी व्हर्जिनियातला चिखल वाचला. पान संपलं. मास्तर म्हणाले, की गावातले लोक त्यांना औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसं वाचून दाखवतात. मी हे कुठे शिकले, असं त्यांनी विचारलं. मी आईबद्दल सांगितलं. त्यावर त्यांनी कॉफीचा दुसरा कप मागवला, आणि गुरुवारची दुपार माझी झाली.

गुरुवारच्या त्या दुपारी मला पलटण कळू लागली. मागच्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि त्यावर लाल लोकरीचा धागा टाचण्यांनी लावलेला होता, ती पलटणीची वाट. युद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावच्या स्टेशनावरून गाडी सुटली. बॅंड होता, केक होते. पहिली मोहीम लढाईची नव्हतीच, गोवराची होती. शेतांवर लांब लांब राहिलेली ती माणसं पहिल्यांदाच इतक्या गर्दीत एकत्र राहत होती, आणि लहानपणी न आलेला गोवर त्यांना छावणीत गाठत होता. मग नदी ओलांडली, परत आले. पुन्हा ओलांडली. दगडासारखी बिस्किटं बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत बुडवून खाल्ली. मास्तरांनी प्रत्येकाचा धंदा लिहिला होता, त्यामुळे मला ती माणसं धंद्यांवरूनच आठवतात. पिंपं बनवणारा, शाळेची घंटा वाजवणारा, आणि पाणचक्कीवाला, जो घरी बायको आणि पाळण्यातली मुलगी सोडून आला होता आणि प्रत्येक मुक्कामावर जवळची पिठाची गिरणी बघून यायचा.

घरी जेवताना हे विचारायचे, "काय मग, आज कुठवर पोचली तुमची आर्मी?"

"अजून चिखलातच आहे."

"आमच्या प्रोजेक्टसारखंच यार. वर्षभर एकाच नदीवर."

मास्तरांना घाई होती, आणि ती का हे त्यांनी मला लवकरच सरळ सांगितलं. राज्याला दीडशे वर्षं पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताने गावची स्मारक कमिटी पुस्तक छापणार होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कडेचं जे दिसतं तेही आता धूसर होत जाईल. "मला ते वाचायचं नाहीये," मास्तर म्हणाले, "कितीदा तरी वाचलंय. मला ते एकदा बघायचंय. पुठ्ठा, पाठीवरचं नाव, एवढंच. ते दिसेनासं व्हायच्या आधी."

म्हणून आम्ही प्रकरणामागून प्रकरण तपासत गेलो, आणि मार्चच्या एका गुरुवारी जंगलापाशी आलो.

ती युद्धाच्या चौथ्या वसंतातली लढाई. व्हर्जिनियातलं इतकं दाट रान, की समोरचा माणूस दिसत नाही. दोन्हीकडचे आवाजावर गोळ्या झाडत होते. मग वाळलेल्या पाचोळ्याला आग लागली. जखमी होऊन पडलेल्यांना उठता येत नव्हतं आणि त्यांना आणायला जाता येत नव्हतं. गावच्या तुकडीतले बहुतेक सगळे तिथे गेले. पाणचक्कीवाल्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो एका ओंडक्याला टेकून बसला होता, आग येऊ नये म्हणून बंदुकीने समोरचा पाचोळा बाजूला सारत. मास्तरांनी ते फार साधं लिहिलं होतं. त्यांचा शेवटचा परिच्छेद होता, की यानंतर पलटणीत नवी भरती झाली, ती युद्धाच्या अखेरपर्यंत राहिली आणि राजधानीतल्या विजयाच्या संचलनात चालून परत आली. समाप्त.

पाच वाजत आले होते. बाहेर हे गाडी सुरू ठेवून थांबले होते. मास्तरांनी टोपी चाचपली. "चला, प्रोफेसर. संपली पलटण."

मला उठता येईना. मी मुद्दाम काही करत नव्हते. आमच्याकडे पोथी मरणावर बंद करत नाहीत. अध्याय तिथे संपला तरी आई मला उठू द्यायची नाही. म्हणायची, "मेल्या माणसापाशी बायकांना सोडून जाऊ नको. कोणाचं लग्न येऊ दे, बारसं येऊ दे, निदान कोणी जेवायला तरी बसू दे. मग झाक पोथी." त्या बायकांना नंतर अंधारातून घरी जायचं असे. त्यांच्या कानात शेवटी काय राहतं, याची काळजी वाचणाऱ्याने घ्यायची, असा तो रिवाज. तो मोडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "सर, इथे बंद करता येणार नाही." आणि कारण सांगितलं.

"याच्या पुढे काही नाही."

"पुढचं वर्ष आहे ना. वेढा आहे, नकाशावर धागा आहे."

"धागा आहे. पलटण नव्हती. आपली माणसं जंगलात संपली. नंतर आले ते इकडचे तिकडचे. जर्मन, डच, आयर्लंडहून कालपरवा उतरलेले. कोणी सक्तीने, कोणी पैसे घेऊन दुसऱ्याच्या बदली. त्यांना हुकूमसुद्धा कळत नसत. नाव तेच राहिलं, बाकी काही नाही."

"मग संचलनात कोण चाललं?"

मास्तर भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे माझ्याकडे. मला भीती वाटली, पण तरी मी टेबलावरच्या खोक्यात हात घातला. जंगलानंतरच्या तारखांचे कागद त्यात होतेच, वर्षानुवर्षं तिथेच होते, फक्त कोणी ते वाचायला घेत नव्हतं. हाताला आला तो सामानाचा एक अहवाल. मी तो तसाच त्या हेलात वाचला. पलटणीला नवे बूट मिळाले. बऱ्याच दिवसांनी कांदे आले. कांदे चांगल्या स्थितीत असून त्यांचं वाटप झालं.

"आता जाऊ या," मी म्हटलं. कांदे आले म्हणजे कोणीतरी जेवायला बसलंच असणार.

पुढच्या गुरुवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. लायब्ररियन बाईंनी फोन केला तर त्यांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. मी घरी रडकुंडीला आले. ह्यांनी विचारलं, तू त्यांना बोललीस तरी काय. मी म्हटलं, कांद्यांबद्दल.

"कांद्यांवरून अमेरिकन माणूस रुसला? हे मी ऑफिसात कोणाला सांगू पण शकत नाही."

मग एका गुरुवारी मी गेले तर मास्तर आधीच येऊन बसले होते, टोपी डोक्यावरच. त्यांनी माझी खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"मी हायस्कुलात जन्म काढला," ते म्हणाले. "दर वर्षी शिकवलं, की पलटण जंगलात संपली. माझ्या मास्तरांनी मला तसंच शिकवलं होतं. संचलनात कोण चाललं, हे एकाही पोराने विचारलं नाही. मीसुद्धा नाही." मग विचारलं, "टाइप करता येतं?"

टाइप करता येत होतं. आमच्या गावात पदवीबरोबर टायपिंगची परीक्षा द्यायची पद्धतच होती. बसस्टँडसमोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी इंग्रजीच्या दोन्ही परीक्षा पास झाले होते, आणि त्याचा उपयोग होईल हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. लायब्ररीचा टाइपरायटर आमच्या इन्स्टिट्यूटमधल्यापेक्षा हलका होता. मास्तर सांगत, मी बडवत असे. तो वसंत, तो उन्हाळा आणि पुढचा हिवाळा आम्ही जंगलानंतरचं वर्ष लिहिलं. मध्ये आमची मुलगी झाली. काही आठवडे गेल्यावर ती टोपलीत झोपून टेबलाखाली येऊ लागली. टाइपरायटर थांबला की ती रडायची, म्हणून मास्तर म्हणत की संपादक जागे झाले.

नवी माणसं मला हळूहळू दिसू लागली. व्हर्जिनियातल्या एका शहराला वेढा पडला होता आणि दोन्ही सैन्यं महिनोन्महिने खंदकात बसून होती. त्यांच्यात एक डच पाववाला होता. त्याने खंदकाच्या मागच्या उतारात मातीची भट्टी खणली आणि दगडी बिस्किटांवर जगलेल्या त्या पलटणीला ताजा पाव घातला. त्याच्या हुकमाचं कोणाला काही कळत नव्हतं, पण तो हात हलवायला लागला की लोक लाकडं आणत. एक जर्मन सुतार होता. मोडकी खोकी फोडून तो खंदकात फळ्या टाकायचा, म्हणजे पाय ओले होत नसत. ही माणसं वाचताना मला मंडळातली माणसं आठवायची. कोणाच्या तळघरातल्या गणपतीला मखर करणारे इंजिनियर, थर्मोकोल कापताना अगदी तसेच भांडणारे. मास्तरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, की थर्मोकोलचा उल्लेख पुस्तकात करता येणार नाही.

आणि मग परतीची वाट. युद्ध संपलं होतं, पलटण राजधानीकडे चालत निघाली होती. मास्तरांच्या टिपणात एक ओळ होती, की वाटेत जंगलाशी पलटण अर्धा दिवस थांबली. मी ती टाइप केली आणि थांबले.

"अर्धा दिवस कशाला, सर?"

"पुरायला. वर्षभर हाडं तशीच उघड्यावर होती. परतताना बऱ्याच पलटणींनी आपापल्या जागी जाऊन ते केलं."

"जुन्यांपैकी किती राहिले होते?"

"आपल्या तुकडीतले? हाताच्या बोटांवर मोजावे इतके."

"मग खड्डे कोणी खणले?"

 मुलगी जागी झाली, तिला मी घेतलं. टाइपरायटर बंद होता. मास्तर म्हणाले, "लिहा, प्रोफेसर. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी." मग म्हणाले, की पाववाल्याचं खोरं त्याच्याजवळ असणारच. ते मात्र त्यांनी लिहू दिलं नाही, कारण त्याला आधार नव्हता.

पुस्तक पूर्ण झालं, पण कमिटीने हात आखडला. कमिटीच्या अध्यक्षबाई पाणचक्कीवाल्याच्या पणती. उंच, नीटनेटक्या, गावाच्या बागेतल्या स्मारकाचा दगड दर वसंतात स्वतः धुणाऱ्या. त्यांचं म्हणणं असं, की ठरलं होतं ते गावच्या माणसांचं पुस्तक. स्मारकावर नावं गावच्या माणसांची आहेत. नंतरचे लोक कोण, कुठले, त्यांचं इथे कोणी नाही. ते भाग काढा आणि पुस्तक ठरल्याप्रमाणे जंगलाशी संपवा, नाहीतर या वर्षी छापायला जमणार नाही. या वर्षी नाही म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांच्या हिशेबात कधीच नाही. त्या दिवसांत त्यांना दारातून आत आलेली मी ओळखू यायची ती फक्त साडीच्या नाहीतर कोटाच्या रंगावरून.

मला वाटलं, मास्तर आता हो म्हणतील. ते म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी कमिटीची बैठक लायब्ररीत बोलावली आणि मला तयारीने यायला सांगितलं. काय तयारी? "पाणी पिऊन या," ते म्हणाले.

बैठकीत त्यांनी वाद घातलाच नाही. म्हणाले, की मतं देण्याआधी सगळ्यांनी एकदा ऐकावं. मी जंगलाचं प्रकरण उघडलं.  त्या खोलीत माझ्यासारखं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही त्यांची माणसं, त्यांच्या घरातली. पण नावं आली तशी मी नावांपाशी थांबले. आग आली. पाणचक्कीवाला ओंडक्याला टेकून बसला. अध्यक्षबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. प्रकरण संपलं आणि मी पान मिटलं.

मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ठरल्याप्रमाणे पुस्तक इथे संपतं. ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं."

कोणी हललं नाही. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा आवाज तेवढा येत होता. मी मास्तरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली नाही. मला वाटतं, तेवढा वेळ त्यांनाही भीती वाटत असावी.

मग अध्यक्षबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना तिथेच ठेवलं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग वाचा."

मी बूट वाचले, कांदे वाचले. भट्टी वाचली, फळ्या वाचल्या. परतीच्या वाटेवरचा तो अर्धा दिवस वाचला, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं त्यांनी खणलेले खड्डे वाचले. बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांवर बर्फ साचत होतं आणि कोणी घड्याळ बघत नव्हतं. वाचून झाल्यावर मतं घेतल्याचं मला आठवत नाही. अध्यक्षबाईंनी पेन उचललं आणि मास्तरांना एवढंच विचारलं, की तो पाववाला मूळचा कुठल्या गावचा, ते कळू शकेल का. मास्तर म्हणाले, "प्रोफेसर शोधतील."

पुस्तक उन्हाळ्याच्या शेवटी छापून आलं. पोथी संपते त्या दिवशी समाप्ती असते आणि समाप्तीला गोड करतात, म्हणून मी साजूक तुपातला शिरा करून डबा घेऊन गेले. लायब्ररीत खायला बंदी होती. लायब्ररियन बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, त्यांना काही दिसलेलं नाही. मास्तर म्हणाले, "ते माझं वाक्य आहे." अध्यक्षबाईंनी शिरा दोनदा घेतला आणि हे पुडिंग आहे की केक, याची चौकशी केली.

मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं. ते हिरव्या कापडाच्या बांधणीत होतं आणि पाठीवर सोनेरी अक्षरं होती. त्यांनी ते समोर धरलं नाही. खिडकीशी जाऊन खांद्याच्या बाजूला, कानापाशी नेलं आणि मान हळूहळू उलट्या दिशेने फिरवत गेले, एखादा रेडिओ लावावा तसे. मग एका जागी थांबले. 

"सोनेरी आहे," ते म्हणाले. "मी काळं सांगितलं होतं." आणि हसले. मला त्यांचं इतकं मोकळं हसू त्याआधी दिसलं नव्हतं.

नंतर मी त्यांच्या शेजारी बसून शेवटचं पान वाचलं. राजधानीतलं संचलन झालं होतं. पलटण आगबोटीने सरोवर ओलांडून मिशिगनला आली, मग आगगाडीने. गावच्या स्टेशनावर बॅंड होता, केक होते. जुनी मूठभर माणसं उतरली. त्यांच्या मागून नवी उतरली. ज्यांनी हे गाव कधी पाहिलं नव्हतं, आणि ज्यांना दुसरीकडे कुठे जायचं हेही नीट ठाऊक नव्हतं, अशी. प्लॅटफॉर्मवर टेबलं मांडलेली होती. सगळे जेवायला बसले.

मी पान मिटणार होते. मास्तरांनी पानावर हात ठेवला.

"प्रोफेसर, इथे बंद करता येईल?"

"हो सर," मी म्हटलं. "इथे येईल."

पुढच्याच महिन्यात लायब्ररियन बाईंनी मला लायब्ररी सायन्सच्या कोर्सला बसवलं, अगदी आमच्या कॉलेजातल्या सरांसारखंच, मागे लागून. ग्रीन कार्ड आल्यावर मी त्याच लायब्ररीत नोकरीला लागले. मास्तरांचं मागच्या खोलीतलं टेबल माझ्याकडे आलं. नकाशावरचा लाल धागा मी आहे तसा ठेवला, फक्त जंगलापाशी त्याची टाचणी सैल झाली होती, ती नीट दाबून बसवली.